नाकाच्या पडद्याला छिद्र, दुसऱ्यांदा ऑपरेशन: सोलापुरात की पुण्यात?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय, वय २९. कॉलेजात असताना गाडीवरून पडला आणि नाक वाकडं झालं. तेव्हा एका ठिकाणी (नाव नको) आतला पडदा सरळ करणं आणि बाहेरून नाक नीट करणं, दोन्ही एकदमच उरकलं. वर्षभर बरं होतं. मग श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. आता शिट्टी जवळजवळ बंद झालीय, पण खपल्या धरतात, सकाळी त्या निघाल्या की बेसिनमध्ये रक्त दिसतं, आणि नाकाचा मधला भाग बसत चाललाय. दुर्बिणीतून बघितल्यावर कळलं की पडद्याला आरपार छिद्र आहे, साधारण दीड सेंटिमीटर.

एक डॉक्टर म्हणाले, बटण बसवून टाका. दुसरे म्हणाले, बरगडीची कूर्चा (मऊ, लवचिक हाड) घेऊन नाक उचलून देतो, छिद्राचं नंतर बघू. घरात स्थळं बघणं चालू असल्यामुळे आईला दुसऱ्यांचंच पटलंय.

इथेच दाखवावं की पुणे गाठावं? बटणाचा कुणाला अनुभव आहे का? कूर्चा कानाची घेतलेली बरी की बरगडीची?

हुतात्मा_पकडा
पुणे. डोळे झाकून. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्री घरी.

कडक_भाकरी
डोळे झाकून कशाला ओ, नाकाचं काम हाय, डोळे उघडे ठेवून जाऊ द्या की. आणि ऑपरेशन झाल्यावर कुठलं रात्री घरी?

नाककानघसा
जुळे_सोलापूर, मी याच विषयाचा डॉक्टर, याच जिल्ह्यातला. त्यामुळे कुणाचं नाव सुचवणार नाही, आणि इथे फोटो किंवा सीटी स्कॅन टाकू नका. तुमचा प्रश्न मात्र मी थोडा बदलणार आहे. कुठे जायचं हे नंतर. आधी छिद्र कशामुळे पडलं आणि त्याच्या भोवती अस्तर किती शिल्लक आहे, हे कळायला हवं.

शिट्टी बंद झाली म्हणून बरं वाटून घेऊ नका. छिद्र लहान असतं तेव्हा शिट्टी वाजते. ते मोठं झालं की शिट्टी जाते आणि खपल्या नि रक्त सुरू होतं. तुमचं वर्णन त्याच क्रमाचं आहे.

पडद्यात मध्ये कूर्चा आणि दोन्ही बाजूंना अस्तर असतं. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, ती या अस्तरावर जगते. ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंचं अस्तर समोरासमोर फाटलं आणि मधली कूर्चा काढलेली असली, की तिथे आरपार भोक राहतं. पहिल्या ऑपरेशननंतर छिद्र पडण्याचं हे नेहमीचं कारण. पण तेच असेल असं धरून चालू नका. नाक बसतंय, खपल्या वाढताहेत, त्यामुळे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक आजार (पूर्वी वेगेनर म्हणायचे) आधी वगळायला लागतो. त्यासाठी रक्ताची अँका तपासणी (याच आजाराचा माग काढणारी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणाऱ्या) आणि लघवीची तपासणी. सोबत छातीचा एक्स-रे, साखर आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठी). टीबी आणि कुष्ठरोगानंही पडद्याला छिद्र पडतं, आपल्या भागात ते विसरून चालत नाही. संशय वाटला तर छिद्राच्या कडेचा छोटा तुकडा बायोप्सीला जातो. आजार आत धुमसत असताना नाक उचललं, तर बरगडीची कूर्चाही विरघळते आणि पेशंटला तिसरं ऑपरेशन लागतं.

दोन गोष्टी भावाला एकट्याला विचारा. नाक मोकळं करायचे थेंब किती वर्षं घालतोय, आणि काम कशाचं करतो. असे थेंब फार वर्षं घातले तरी पडद्याला छिद्र पडू शकतं, आणि क्रोम प्लेटिंगच्या वाफेनंही पडतं. कोकेननंही पडतं, हा प्रश्न डॉक्टर विचारतील तेव्हा आईला बाहेर बसवा.

जुळे_सोलापूर
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. तंतूंची धूळ असते, प्लेटिंगचं काही नाही. थेंबांचं विचारते. डॉक्टर, "छिद्राचं नंतर बघू" यावर तुमचं मत?

नाककानघसा
मला पटत नाही. चादरीला मधोमध भोक पडलंय आणि कडा विरल्यात, अशा वेळी रफू करणारा आधी कडेला धड कापड किती आहे ते चाचपतो. इथेही बंद करायचं म्हणजे वरचं नि खालचं अस्तर मोकळं करून दोन्ही बाजूंनी सरकवायचं आणि मध्ये एक थर घालायचा, बहुधा कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण. पुढून मागे छिद्र किती लांब आहे यापेक्षा वरून खाली किती उंच आहे, यावर यश जास्त ठरतं, कारण अस्तर वरून-खालूनच ओढून आणायचं असतं. दोन सेंटिमीटरच्या पुढे काम अवघड होत जातं.

आता नाक आधी उचललं तर तेच अस्तर ताणलं जातं. शिवाय छिद्र बंद करायला पुन्हा तेच थर उघडायचे, आणि तोवर तिथे दोन ऑपरेशनांचे व्रण झालेले. खपल्या नि जंतू असलेल्या नाकात नवी कूर्चा ठेवली की जंतुसंसर्गाची धास्ती वेगळीच. म्हणून एक तर दोन्ही कामं एकाच बैठकीत, नाक समोरून उघडून. नाहीतर आधी छिद्र, मग काही महिन्यांनी आकार. दोन्ही मतांचे चांगले सर्जन आहेत. आकार आधी म्हणणाऱ्यांना मात्र कारण विचारा.

कान की बरगडी? पडद्याची स्वतःची कूर्चा पहिल्या वेळीच खर्ची पडली असणार. कानाची थोडी मिळते, मऊ नि वाकडी असते, खळगा भरायला चालते. बसलेल्या नाकाला आधार द्यायचा तर बहुतेकदा बरगडी. २९ व्या वर्षी ती अजून कापायला मऊ असते. धोके दोन: नंतर ती वाकू शकते, आणि काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते (क्वचित, पण भूल देण्याआधी हे सांगायला हवं).

होटगी_रोड
बटणाबद्दल. मला आहे. सिलिकॉनच्या दोन चकत्या, मध्ये दांडा, छिद्राच्या दोन्ही अंगांना बसतं. शिट्टी त्याच दिवशी गेली, रक्त कमी झालं. खपल्या मात्र बटणाच्या कडेनं धरतातच, रोज धुवायला लागतं, आणि मधूनमधून डॉक्टरांकडून साफ करून घ्यावं लागतं. माझं वय आणि हृदय बघता मोठं ऑपरेशन नको होतं म्हणून मी खूश. एका ओळखीच्या बाईंना सहनच झालं नाही, काढून टाकलं. तरुण मुलाला तपासण्या होईतो तात्पुरतं ठीक. बसलेलं नाक त्यानं वर येत नाही, हे आईंना आधीच सांगा.

इतिहासवेडा
थोडं अवांतर. दुसऱ्यांदा नाक करण्यात आपण मागे नाही! टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीट-कुंभारानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक दिलं. १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं आणि तिकडच्या सर्जनांनी ही पद्धत उचलली.

नाककानघसा
खरं आहे. फक्त तिथे बाहेरची कातडी गेली होती आणि कपाळावर भरपूर होती. इथे आतलं ओलं अस्तर कमी आहे, त्याला बाहेरची कातडी चालत नाही, कोरडी पडून पुन्हा खपल्याच धरते.

चाटी_गल्ली
माझं छिद्र पुण्यात बंद केलं, त्यामुळे कुणी सांगत नाही ते सांगते. नाकापेक्षा कानावरच्या टाक्यांनी (ते पातळ आवरण तिथूनच काढतात) जास्त झोप उडवली. तिथले केस हातभर नाही, पण चांगले चार बोटं भादरतात. नाकात दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या शिवून ठेवतात, सुमारे तीन आठवडे. तोवर तोंडानं श्वास, उशा रचून झोप, शिंक आली तर तोंड उघडं, नाक शिंकरायचं नाही. कडक भाकरी (आयडी नव्हे, खायची) दूध नाहीतर आमटीत बुडवूनच.

ऑपरेशन उन्हाळ्यात घेऊ नका. एप्रिल-मेची इथली कोरडी हवा नि लू जखम भरून आलेल्या नाकालाही सुकवते. मी पावसाळ्यात घेतलं. कूलरसमोर तोंड करून झोपू नये.

पाण्याचं नीट वाचा. मिठाच्या पाण्यानं नाक अनेक महिने धुवायचं असतं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठतं. ते तसं नाकात घालायचं नाही. उकळून गार केलेलंच, आणि बाटलीही रोज धुऊन वाळवायची. नाकातून शिरणारा एक अमीबा मेंदूपर्यंत जातो, दुर्मीळ आहे पण जीवघेणा.

आणि हुतात्मा_पकडा, पुणे अडीचशे किलोमीटर. पट्ट्या काढेपर्यंत मी तिथेच मावशीकडे राहिले. नंतरची साफसफाई इथल्या डॉक्टरांनी केली, दोघे डॉक्टर फोनवर बोलले होते. ही सोय आधी लावून घ्या.

पॉलिसीवाला
कागदांचं मी सांगतो. नाक सुंदर करण्याचा खर्च मेडिक्लेम देत नाही. अपघातानंतरच्या पुनर्रचनेला मात्र ही अट लागू नाही. म्हणून अपघाताचे जुने कागद, छिद्राचं निदान, रक्तस्राव हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहून घ्या आणि आधी मंजुरी मागा. बिलात छिद्राचं काम वेगळं दिसू द्या. पहिल्या ऑपरेशनची टिपणंही मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असा २००२ चा नियम आहे. पण जपून ठेवायची सक्ती तीन वर्षांचीच, तेव्हा मिळतीलच असं नाही.

नाककानघसा
ती टिपणं सोनं आहेत. किती कूर्चा काढली, अस्तर फाटलं होतं का, हे त्यात असतं.

आता मूळ प्रश्न. तपासण्या, सीटी, दुर्बीण इथे होतात, सिव्हिलमध्येही होतात. त्यासाठी पुणे नको. ऑपरेशनसाठी मात्र छिद्र बंद करायची सवय असलेला माणूस हवा, साधी पडद्याची ऑपरेशनं कितीही केलेली असोत. असा माणूस कान-नाक-घशाचा असेल किंवा प्लास्टिक सर्जन, कधी दोघं मिळून करतात. वर्षात अशी किती करता, नाही जमलं तर पुढे काय, बरगडी कोण काढणार, हे सरळ विचारा. चिडला तर दुसरा बघा. पहिल्या प्रयत्नातली संधी सगळ्यात चांगली असते.

जुळे_सोलापूर
सगळ्यांचे आभार. इथेच तपासण्या करून घेतोय. आईला होटगी_रोड काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, म्हणाली, आधी श्वास, मग स्थळ. डॉक्टर, थेंबांची बाटली त्याच्या उशीखालीच निघाली. अपघातापासून रोज रात्री घालतोय म्हणे!

नाककानघसा
मग आजपासून बंद. एकदम झेपत नसेल तर आधी एका नाकपुडीत बंद करायचं, काही दिवसांनी दुसरीत. सुरुवातीला नाक जास्त चोंदेल, घाबरू नये. त्या जागी मिठाचं पाणी, आणि रात्री आत मलम, कुठलं ते तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून. पूर्वीचा स्टिरॉइडचा स्प्रे घरात पडला असेल तर तोही स्वतःहून सुरू करू नका. सिगारेट ओढत असेल तर तीही आताच सोडू दे, ऑपरेशनच्या आठवड्यात नव्हे.

कडक_भाकरी
आयडी नव्हे म्हणून खुलासा केल्याबद्दल ताईंचे आभार, मला वाटलं मलाच दुधात बुडवतात की काय.