वय वाढल्यावरचं पॅरिस : तुमचे अनुभव लिहा

साठीच्या आसपास पॅरिस पाहिलेले किंवा पुन्हा गेलेले बरेच जण असतील, त्यांनी मनापासून लिहा. सुरुवात मी करते. तिशीत टूरबरोबर गेलो तेव्हा आयफेल, लुव्र, सेन नदीतली बोट सगळं धावतपळत उरकलं होतं. यंदा गुडघे म्हणतील तसं फिरले. मेट्रो १९०० सालापासूनची, बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, गाडी बदलायची म्हणजे जिने आणि लांबच लांब बोगदे, म्हणून लेकीने ६९ नंबरच्या बसमध्ये बसवून दिलं. आयफेलजवळून निघते, लुव्र, बास्तिय करत पेर लाशेझच्या दफनभूमीकडे जाते, खिडकीशी बसायचं आणि वाटेल तिथे उतरायचं. लक्झेंबर्ग बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, फुकट, उन्हात हव्या तिथे ओढून न्यायच्या. तिथे माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्याही बायका छान स्कार्फ बांधून एकट्या वाचत बसलेल्या, आणि सोबत कोण आहे, मुलं कुठे असतात असं त्यांना कुणी म्हणजे कुणी विचारत नव्हतं. मला ते फार हवंहवंसं वाटलं. आपल्याकडे असं बसायला अजून धीर लागतो.

*

ताई, मी ओरांजरी या चित्रसंग्रहालयाबद्दल लिहिते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर गेले होते. ऑपरेशनआधी सगळं पिवळट, मातकट दिसायचं आणि ते हळूहळू झाल्यामुळे कळलंही नव्हतं, नंतर घरी आले तर ओट्यावरचा स्टीलचा डबा चक्क निळसर दिसला, किती वेळ बघत बसले. चित्रकार मोनेलाही मोतीबिंदू होता, १९२३ मध्ये ८२व्या वर्षी त्याने एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि कमळांची ती प्रचंड चित्रं तरीही शेवटपर्यंत सोडली नाहीत. १९२६च्या डिसेंबरात तो गेला, त्या चित्रांची इथली दालनं उघडली १९२७ मध्ये. दोन लंबगोल खोल्या, भिंतभर पाणी, मध्ये बाक. कुठे तांबूस, कुठे एकदम निळं, हे कुठल्या डोळ्याने बघितलं असेल असं सारखं मनात येत होतं आणि मला रडूच आलं. पंचविशीत आले असते तर फोटो काढून निघाले असते बहुतेक.

*

मुलाकडे दरवर्षी राहायला जातो. सौ. गेल्यानंतर मुलगा-सून ऑफिसला गेले की घर खायला उठायचं. मग ला शापेल या भागात जायला लागलो, तमिळ लोकांची दुकानं, कढीपत्ता, ओला नारळ सगळं मिळतं. उन्हाळा संपताना तिथल्या गणपतीच्या देवळाचा रथ निघतो, रस्त्यात नारळांचे ढीग फोडतात. भाषा येत नाही तरी रथाच्या दोराला हात लावू दिला. त्या दिवशी खूप महिन्यांनी पोटभर जेवलो.

*

वरचं सगळं पटलं, पण थोडं वेगळं मत. बसून बघायला पुढे वेळ आहे, चढायचं असेल ते आधी चढून घ्या. आर्क द त्रियाँफ या विजयकमानीच्या २८४ पायऱ्या मी पासष्टीत थांबत थांबत चढले, मागच्या लोकांना पुढे जा म्हणायचं, लाजायचं नाही. वरून चहूकडे फुटणारे बारा रस्ते दिसतात, ते खालून अजिबात कळत नाही. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून जा, आणि शक्यतो सकाळी जा.