द्रुपती रामगुनाईचं गाणं तुमच्यापर्यंत कसं पोचलं?

कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या दक्षिणेकडच्या पेनल भागातली ही गायिका. १९८७ साली तिचं ‘चटनी सोका’ हे गाणं आलं आणि भोजपुरी लग्नगीतं नि सोका (तिथलं कार्निव्हलचं नाचगाणं) यांच्या त्या मिश्रणाला नावच मिळालं. पुढच्या वर्षी ‘मिस्टर बिसेसर’नं (म्हणजेच ‘रोल अप द टासा’; टासा म्हणजे ताशा) बेटभर धमाल उडवली. तिची गाणी तुम्हाला कुणी ऐकवली, कुठे ऐकलीत, जरूर लिहा.

सॅन फर्नांडोहून (त्रिनिदाद)
नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं इथे आहे. शेजारी लग्न होतं, शुक्रवारी रात्री ‘माटीकोर’ला बोलावणं आलं. बायका ताशाच्या मागे नाचत माती आणायला जातात. निघण्याआधी पोरांनी अंगणात जाळ केला आणि ताशे त्याच्याकडे तोंड करून मांडले. कातडं तापलं की बोटानं टिचकी मारून बघायचे, टणक आवाज आला की गळ्यात अडकवायचे. परत आल्यावर बायकांनी दार लावून जी गाणी सुरू केली, ती ऐकून माझे कान लाल झाले! आपल्याकडच्या हळदीच्या रात्री आठवल्या.

घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे ‘आजी’च म्हणतात. १८४५ पासून १९१७ पर्यंत भारतातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आलेला हा शब्द. तर आजी म्हणाल्या, “हे आम्ही पुरुष नसताना गायचो. द्रुपतीनं माइक घेऊन सगळ्यांसमोर गायलं. आपल्यातल्याच लोकांनी तिला नाही नाही ते बोललं. मीही चारचौघांत तिची बाजू घेतली नाही. घरी मात्र रेडिओ मोठा करायचे.” हे सांगताना त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. लोकांची बोलणी खाऊनही ती गात राहिली, याचं मोल मला त्या रात्री कळलं.

पुण्याहून
मी पथकात ताशा वाजवतो. ‘मिस्टर बिसेसर’ हे ताशेवाल्याचं गाणं आहे कळल्यावर तिकडच्या ताशाचे व्हिडिओ शोधले. ‘कटर’ आणि ‘फुले’ हे दोन ताशे, ‘बास’ हा मोठा ढोल आणि झांज असा त्यांचा ताफा. त्यातला कटर म्हणजे आपला तर्रीवाला, मुख्य ताशेवालाच, बाकीचे त्याच्याकडे बघून वळतात. आमच्या ताशाला आता फायबरचं पान असतं, शेकायची गरज पडत नाही. आजोबा शेकोटीवर धरायचे, तो वास मात्र आठवला.

ठाण्याहून
कॅलिप्सो रोझचं नावही इथे हवंच. त्रिनिदादशेजारच्या टोबॅगो बेटावरची कॅलिप्सो गायिका; कॅलिप्सो म्हणजे तिथलं जुनं लोकगाणं, सोका त्यातूनच आला. १९७७ साली रोड मार्च, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत सर्वांत जास्त वाजलेल्या गाण्याचा किताब, जिंकणारी पहिली बाई. पुढच्याच वर्षी तिच्यामुळे कॅलिप्सो स्पर्धेचा ‘कॅलिप्सो किंग’ हा किताब ‘मोनार्क’ (राजा किंवा राणी) झाला. ती वाट आधी झाली होती, म्हणून द्रुपतीचं धाडस कमी होत नाही. द्रुपतीला आपल्याच समाजाशीही झगडायचं होतं.

टोरांटोहून
रात्रपाळीला माझ्याबरोबर गयानाची एक नर्स असते. पहाटे चारच्या सुमारास डोळे मिटायला लागले की ती हळूच ‘रोल अप द टासा’ गुणगुणते, आणि मी टेबलावर बोटांनी ठेका धरते.