घेवडा, फरसबी की ‘हिरव्या शेंगा’?

पानगळ
मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं आहारपत्रक मराठीत करते आहे. त्यात ग्रीन बीन्सच्या हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या वाणांची तुलना आहे. कशात कोणतं जीवनसत्त्व, कशात कोणतं अँटिऑक्सिडंट, असं. आधी ‘हिरव्या शेंगा’ लिहिलं, तर बहिणीने विचारलं, भुईमुगाच्या की शेवग्याच्या? म्हणून ‘घेवडा’ केलं आणि खर्डा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या मामेसासऱ्यांना वाचायला दिला. त्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय. वाचून म्हणाले, ‘म्हणजे घेवड्याची उसळ चालते की मला!’ त्यांचा घेवडा म्हणजे वाघ्या घेवडा, वाळलेला, राजम्याचाच प्रकार. कोवळ्या शेंगेत १०० ग्रॅमला पोटॅशियम २०० मिलिग्रॅमच्या आसपास, वाळलेल्या कच्च्या राजम्यात १४०० च्या. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. कोणता शब्द घालू? आणि ‘जांभळ्या ग्रीन बीन्स’चं काय करू?

खारवी
फरसबी लिहा. कोकणात, मुंबईत फरसबी म्हटलं की दुसरं काही कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

कृष्णाकाठ
आमच्या मंडईत येतं. आमच्याकडे श्रावण घेवडा. नुसता घेवडा म्हटलं तर भाजीवाली विचारते, कुठला? माझी आजी वालाच्या पापडीलाही घेवडाच म्हणायची, कोल्हापूरची मावशी वरण्याला. ताई, सासऱ्यांची चूक नाही. कोरेगावात वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, तिथे दुसरं काय समजणार?

वेलमांडव
गंमत अशी की वाघ्या घेवडा आणि श्रावण घेवडा ही एकाच जातीची झाडं, फॅसिओलस व्हल्गॅरिस. मूळची अमेरिका खंडातली. एकाचा दाणा वाळवून खायचा, दुसऱ्याची शेंग कोवळी खुडायची. वाल, पावटा, वरणा, पापडी ही मंडळी निराळी, ती लॅबलॅब. माझा कयास असा की घेवडा हे नाव आधी या जुन्यांचं, आणि परदेशातून आलेल्या शेंगेला आपण ओळखीचं नाव दिलं.

फरक नुसता नावाचा नाही. कोवळ्या शेंगेत नव्वद टक्के पाणी, प्रथिनं १०० ग्रॅमला दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. वाळलेल्या दाण्यात तेवीस-चोवीस. तेव्हा पत्रकात ‘कोवळी शेंग’ हे शब्द हवेतच, नाव काहीही घाला.

खारवी
आणि जांभळीचं?

वेलमांडव
‘ग्रीन’ तिथे रंग सांगत नाही, कोवळेपण सांगतं. आपण ओला नारळ, ओले काजू म्हणतो तसं. म्हणून ‘हिरव्या’ हे भाषांतरच चुकीचं. ‘जांभळी कोवळी फरसबी’ म्हटलं की प्रश्न मिटला. हा जांभळा रंग अँथोसायनिनचा, पापडीच्या जांभळ्या कडेला असतो तोच. तो पाण्यात उतरतो आणि उष्णतेने मोडतो. जांभळी फरसबी उकळली की भाजी हिरवी दिसते. वाफवून खाल्ली तर थोडा तरी राहतो.

पानगळ
हे पत्रकात नव्हतं! कच्च्या शेंगेचे आकडे देऊन मोकळे झालेत. आणि पिवळी? मला वाटलं, पिवळी म्हणजे गाजरासारखं अ जीवनसत्त्व भरपूर.

वेलमांडव
उलट. पिवळीत हरितद्रव्य नसल्यासारखंच, आणि कॅरोटीनही कमी. अ जीवनसत्त्व हिरवीच्या सहाव्या हिश्श्याइतकं. क मात्र दोन्हीत जवळपास सारखं, पिवळीत किंचित जास्तच.

शुद्धमती
सगळे बिनदिक्कत ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिताय. प्रतिऑक्सिडीकारक हा शब्द आहे. पत्रक मराठीत करायचं तर पुरतं करा.

कृष्णाकाठ
त्यातही ऑक्सिडी आहेच की. मामेसासऱ्यांना हा शब्द एका दमात वाचून दाखवायला सांगा.

शुद्धमती
शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत. जीवनसत्त्व हा शब्दही एके दिवशी कुणीतरी पहिल्यांदाच लिहिला असेल. आज खेड्यातली बाईसुद्धा म्हणते.

पानगळ
जीवनसत्त्व ऐकताच कळतं, म्हणून रुळलं. मी ऑक्सिजनसाठी प्राणवायू धरून ‘प्राणवायूरोधक’ करून पाहिलं होतं. आजारी माणसाच्या हातात असा शब्द द्यायला धीर झाला नाही. अँटिऑक्सिडंटच ठेवते, शेजारी एक ओळ समजावून.

शुद्धमती
मला हे पटलेलं नाही, नोंद असू द्या.

खारवी
मूळ मुद्दा फरसबीचा. हा शब्द पोर्तुगीज ‘फेइजांव’वरून आला, असं माझे काका सांगायचे. शेंग त्यांच्याच जहाजातून आली म्हणे.

कृष्णाकाठ
शेंग त्यांनी आणली असेल, पण त्या शब्दातून र कुठून आणणार? फ्रेंच बीनचंच फरसबी झालंय. जुन्या मराठीत फ्रेंचांना फरासीस म्हणत, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या, यादीत आहेत. फरास तिथला, आणि बी आपलं.

खारवी
बी आपलं कसं? ‘बीन’चा न गळला. फरसबीची आपण शेंग खातो, बी नाही.

कृष्णाकाठ
गवारीच्या बीसाठी गवार लावतो का आपण? असं तोडून बघायचं नसतं.

वेलमांडव
मंडळी, मोडण्याआधी एक सांगायचं राहिलं. भाजी हिरवीगार राहावी म्हणून चिमूटभर सोडा घालतात, त्याने रंग टिकतो पण क जीवनसत्त्व जातं. ताई, हे पत्रकात घाला. शिवाय सोड्यात सोडियम, या रुग्णांना तेही मोजून.

पानगळ
घालते. सध्या असं लिहिलंय: ‘फरसबी (श्रावण घेवडा), कोवळी शेंग, वाळलेला घेवडा किंवा राजमा नव्हे.’ मामेसासऱ्यांना पुन्हा वाचायला पाठवलं आहे.

कृष्णाकाठ
कंसातलं नाव बाहेर घ्या, फरसबी कंसात टाका.

खारवी
का म्हणून?