मदत हवी आहे : एन. डी. पाटील आणि महाजन अहवाल

मंडळी, शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावरच्या भूमिकेची सालवार नोंद करतोय. १९७८ ते ८० सहकारमंत्री, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार, इथवर जुळतं. अडलंय १९६७ पाशी. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यातली शिफारस: २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ म्हैसूरला (कर्नाटक नाव १९७३ चं), बेळगाव मात्र म्हैसूरकडंच. पण १९६६ ते ७० पाटील विधान परिषदेत नव्हते, म्हणजे सभागृहाचं कामकाज चाळून उपयोग नाही. त्या वर्षांतल्या कोल्हापुरातल्या जाहीर सभांची कात्रणं कुणाकडं आहेत का? फोटोत अंकाची तारीख दिसू द्या, नुसता मजकूर कापला की साल लावता येत नाही. आणि ८१४ गावं महाराष्ट्रानं आयोगापुढं मागितलेली, ८६५ आत्ताच्या मागणीतली. हा घोळ कृपया नको.