बेदाण्याच्या पाकिटावर दोन देश, तक्रार नेमकी कुठे करू?

नाशिकरोडच्या एका दुकानातून बेदाणे घेतले. पुढे तिरंगी पट्टी आणि ठळक 'भारतात पॅक केलेले'. मागे एमआरपीच्या स्टिकरचा कोपरा उचकटला, तर खाली बारीक अक्षरात 'मूळ देश: चीन'. (द्राक्षांच्या जिल्ह्यात ही तऱ्हा!) आयातदाराचं नाव-पत्ता कुठेच नाही; २०११च्या आवेष्टित (पॅकबंद) वस्तू नियमांप्रमाणे आयात मालावर तो हवाच. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीचं उत्तर 'चौकशी करतो' एवढंच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. पैसे परत नकोत. बिल, फोटो आणि स्टिकर शाबूत असलेलं दुसरं पाकीट जपून ठेवलंय. आता वैधमापनशास्त्रवाल्यांकडे (वजन-मापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणारा विभाग) जाऊ की एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन)? आणि मी स्टिकर काढलेलं पाकीट पुरावा म्हणून धरतात, की शाबूतच लागतं?