कोरियन खिमा-भात : खिम्याला पाणी सुटतं, गोळे होतात. चुकतंय कुठे?

रातपाळी
अर्ध्या तासात होणारा कोरियन पद्धतीचा बीफ-भात घरी करायचा आहे, पण बीफऐवजी बकऱ्याचा खिमा घेऊन. सध्याचं प्रमाण : खिमा अर्धा किलो, डार्क सोया सॉस ४ मोठे चमचे, साखर २, आलं-लसूण पेस्ट १, घाणीचं तिळाचं तेल १. सगळं चोळून अर्धा तास ठेवायचं आणि नॉनस्टिक कढईत परतायचं. होतं असं की कढईत पाणीच पाणी, खिम्याचे रबरासारखे गोळे, रंग डांबरासारखा, चव खारट-कडू. भात जय श्रीराम तांदळाचा, तो घासात एकत्रच येत नाही. शिवाय गोचुजांग (कोरियन आंबवलेली मिरचीची पेस्ट) घरात नाही. त्याला काय चालेल?

बिडाचा_तवा
दोन पदार्थांची गल्लत झाली आहे. आधी मुरवून ठेवणं हे बुलगोगीचं (कोरियन भाजलेलं मांस) काम, तिथे मांसाच्या पातळ चकत्या असतात. खिम्याला सोया सॉसचं मीठ आधी लागलं की प्रथिनं सुटून तो चिकट होतो, सीख कबाबला मळतो तसा. गोळे त्याचेच. मीठ पाणीही ओढून काढतं, ते वेगळंच.

म्हणून सॉस शेवटी. खिमा धुऊ नका. खाटकाकडे आधी मांसाचे तुकडे धुऊन, निथळून घ्या आणि मग जाड जाळीतून एकदाच काढायला सांगा, थोडी चरबी राहू द्या. बिडाची किंवा लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा, फल्ली (शेंगदाणा) तेल १ मोठा चमचा, आणि खिमा दोन खेपांत. पसरवून दोन मिनिटं हात लावू नका. खालून बदामी झाला की उलटा, मग मोडा. चुरचुर आवाज बंद होऊन बुडबुडे दिसले तर समजा कढई थंड पडली. बकऱ्याचा खिमा चिवट राहतो, म्हणून दोन्ही खेपा एकत्र करून अर्धी वाटी उकळतं पाणी टाका, झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं. पाणी पूर्ण आटलं की मध्ये जागा करून ठेचलेला लसूण ८-१० पाकळ्या आणि किसलेलं आलं एक इंच, अर्धा मिनिट.

आता सॉस : लाइट सोया ३ मोठे चमचे, गूळ किंवा ब्राउन शुगर २, मिरपूड पाव लहान चमचा. मोठ्या आचेवर दोन मिनिटं, खिम्याला चकाकी आली की बंद. जास्त ठेवलं तर साखर जळते. तुमचा कडवटपणा तिथूनच येत असणार, आणि काळा रंग डार्क सोयातल्या कॅरॅमलचा. वेगळं मीठ नकोच. वरून पातीचा कांदा. सांबार (कोथिंबीर) टाकू नका, कांदा-खोबरं तर मुळीच नाही, नाहीतर सावजीच्या वाटेला लागतो.

चिन्नोर_प्रेमी
जय श्रीराम सुटासुटा होणारा तांदूळ, त्याचा दोष नाही. इथे इंद्रायणी घ्या. दीड वाटी तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन २० मिनिटं भिजवा, निथळा, सव्वादोन वाट्या पाणी, दोन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या. नवा तांदूळ असेल तर पाणी पाव वाटी कमी, नाहीतर खिचडी होते. मीठ-तेल काही नाही, खारटपणा खिम्यात आहेच.

पातीचा_कांदा
घाणीचं तेल कच्च्या तिळाचं असतं. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, रंगाने तपकिरी. ते मिळालं तर २ लहान चमचे, तेही गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने वास उडतो. नसेल तर मोठा चमचाभर तीळ खमंग भाजून जाडसर कुटा आणि वरून टाका.

गोचुजांगसाठी : काश्मिरी किंवा ब्याडगी तिखट २ लहान चमचे, गूळ १ मोठा चमचा, सोया १ लहान, व्हिनेगर अर्धा लहान, आणि मोठा चमचाभर शिजलेला भात, सगळं घोटून. आंबवलेली चव यात येणार नाही, रंग आणि गोडसर तिखटपणा येतो. भिवापुरी मिरची पूर्ण प्रमाणात टाकलीत तर फक्त तिखटच लागेल. वापरायचीच तर अर्धा लहान चमचा.

रातपाळी
खिमा नीट कळला. म्हशीचा असेल तर हेच प्रमाण? आणि नासपतीचं काय, बऱ्याच कृतींत असते.

बिडाचा_तवा
प्रमाण तेच, फक्त झाकण १० ऐवजी १५ मिनिटं. नासपती चकत्यांसाठी, ती मांस मऊ करते. खिम्यात गरज नाही. गोडीला हवी तर एक मोठा चमचा किसून सॉसमध्ये. पपई किंवा किवी मात्र नको, खिम्याचा लगदा होतो. चकत्याच करायच्या असतील तर मांस पाऊण तास फ्रीझरमध्ये कडक करून धाग्याला आडवं, दोन-तीन मिलिमीटर जाड कापा. तेव्हा मुरवा, अर्धा तास पुरे.

पातीचा_कांदा
सोबत काकडी : चकत्यांना अर्धा लहान चमचा मीठ लावून १५ मिनिटांनी घट्ट पिळा, मग व्हिनेगर, चिमूटभर साखर, तिखट, तीळ. न पिळता टाकली तर भात ओला होतो.