आप्पांच्या दुकानाच्या आठवणी: तुमच्याकडे असतील त्या लिहा

आप्पांना जाऊन येत्या चैत्रात वर्ष होईल. आप्पा म्हणजे माझे वडील, सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं किराणा दुकान होतं ते त्यांचं. १९७२ च्या दुष्काळात आटपाडीकडून आले, तिकडे खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढच्या वर्षी हे दुकान टाकलं ते २०१९ च्या पुरापर्यंत चालवलं. वर्षश्राद्धाला सगळ्यांच्या आठवणींची एक वही करून आईच्या हातात द्यायची असं आम्ही तिघी बहिणींनी ठरवलंय, म्हणून हा धागा. मनमिळाऊ, परोपकारी असलं नको, काय घडलं ते लिहा, कितीही बारीक असूदे.

मीच सुरुवात करते. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. अकरा. आतल्या बाजूने आकडे रंगवलेले, कारण पाचवी-सहावीची अदलाबदल झाली की शेवटची खाचेत बसायचीच नाही. घर वरच, त्यामुळे रात्री फळ्यांचा खट खट आवाज सुरू झाला की आई तवा चढवायची आणि आप्पा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दारात असलं तरी "पोरी जेवायच्या थांबल्यात" म्हणून सरळ वर यायचे. तीन मुलीच, मग दुकान पुढे कोण बघणार, असं लोक तोंडावर विचारायचे. आप्पा शेंगदाणे निवडत बसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. मोठीच्या इंजिनिअरिंगच्या फीला गावाकडची दोन एकर विकली ते आम्हाला फार उशिरा कळलं.

*

मी जतचा, १९९४ ला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला होतो. घरची मनीऑर्डर कधी वेळेवर यायची नाही. कुणीतरी आप्पांचं दुकान दाखवलं, विश्रामबागेतून सायकल मारत जायचो, चुरमुरे, शेंगदाणे, साबण, कंदिलाच्या काचेपासून सगळं उधारीवर. नाव विचारलं नाही, वहीत नुसतं "जत" लिहिलं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात गेलो तर त्यांनी वही काढली, चष्मा लावला, बेरीज दोनदा केली, चारशे बारा रुपये पंच्याहत्तर पैसे. मी चारशे तेरा दिले तर चार आणे परत दिले. मला मनातून वाटत होतं असूदे म्हणतील. नाही म्हणाले, सगळे घेतले, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर ताठ उभा राहिलो. मग भडंगाचा मोठा पुडा बांधून दिला, वरच्या रिळाचा दोरा चार फेरे गुंडाळून तोडला आणि म्हणाले, हे आईला दे, हे वहीत नाही.

*

हरिपूरहून लिहितोय. २००५ च्या पुरात आमच्याकडची हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, गेली, ज्यांनी बघितलंय त्यांना माहिती आहे. आमची दोन वर्षांची हळद त्यात होती. घरातलं सामान त्यानंतर नऊ महिने आप्पांकडून आलं. एवढंच लिहितो, जास्त लिहिता येईना.

*

मी आप्पांकडं सात वर्षं कामाला होतो, आठवी नापास झाल्यापासनं. पुड्या बांधायला किलोवर रद्दी यायची, ती मला फाडू द्यायचे नाहीत. आधी स्वतः चाळायचे. मासिकातल्या, दिवाळी अंकातल्या गोष्टींची पानं निघाली की बाजूला. काकू चौथीपर्यंतच शिकलेल्या पण वाचायचा लई नाद, अन् विकत अंक आणायची तेव्हा ऐपत नव्हती. गोष्ट अर्धी निघाली की आप्पा उरलेल्या पानांसाठी रद्दीवाल्याकडं जाऊन गठ्ठे उपसायचे, एकदा तर सायकलवर मिरजेला गेले. आणि एकदा मी चुकून तसलंच पान जिऱ्याच्या पुडीला फाडलं. मला काय बोलले नाहीत, गिऱ्हाइकाचं घर विचारत गेले, त्यांना दुसरी पुडी दिली आणि पान परत आणलं. पार चुरगळलेलं. रात्रभर पाच किलोच्या वजनाखाली ठेवलं आणि सकाळी वर पाठवलं. माझं लग्न झालं तेव्हा बायकोशी कसं वागायचं हे मला कुणी सांगायला लागलं नाही.

*

मी शेजारची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर. आधी माझ्या सासूबाईंना धरून आपल्या वरच्या खोलीत नेलं, मग आमचा गॅस, मग काकूंची ट्रंक. दुकानातला माल शेवटी, तोवर साखर-मीठ पाण्याखाली गेलं होतं. उधारीची वही भिजून तिचा लगदा झाला. पाणी उतरल्यावर मी बघितलंय, लोक चिखलातून येऊन आपापला आकडा सांगत होते आणि आप्पा सांगतील तो कोऱ्या कागदावर लिहून घेत होते. सगळे आले नाहीत. त्यांची नावं आप्पांनी कधी काढली नाहीत, मी दोनदा विचारलं तरी.

*

परत मीच, लेक. रद्दीतल्या पानांचं वाचून मी कामाला असलेल्या दादांना फोन केला आणि बराच वेळ आम्ही दोघंही धड बोलू शकलो नाही, कारण ती पानं रद्दीतून यायची एवढंच मला माहीत होतं, मिरजेचं नाही, जिऱ्याचं नाही. मग आईला विचारलं. तिने पुरातून वाचलेली तीच ट्रंक उघडली. पानं वाकळेच्या सुताने शिवून ठेवलीत, सतरा गोष्टी. एकीला शेवट नाही. मी म्हटलं, ही अर्धीच राहिली का गं? तर म्हणाली, पानं मिळाली नाहीत म्हणून त्यांनीच एका रात्री जेवताना शेवट सांगितला, रद्दीवाल्याकडे उभ्याने वाचून आलो म्हणाले. त्यात ती बाई तिच्या तिन्ही पोरींना घेऊन नवऱ्याकडे परत येते. आणि आई म्हणाली, गोष्टीत त्या बाईला एकच मुलगा होता.